टॉरेंटवर ‘मी फक्त डाउनलोड केले’ असे का म्हणता येत नाही

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे माझ्या समजण्यात काही चूक असल्यास आपल्याला ती लगेच दाखवता येईल. आपण टॉरेंटवरून एक चित्रपट घेतला, कारण तो कोणत्याही अधिकृत सेवेवर आपल्याला सापडला नाही. साइट ब्राउझरच्या खासगी विंडोत उघडली होती, क्लायंटमध्ये, म्हणजे टॉरेंट चालवणाऱ्या प्रोग्राममध्ये, अपलोडची मर्यादा शून्यावर ठेवली होती आणि साधारण चाळीस मिनिटांत फाइल पूर्ण होताच टॉरेंट यादीतून काढून टाकला. तरीही काही दिवसांनी इंटरनेट कंपनीचा ईमेल आला की आपल्या जोडणीवरून त्या चित्रपटाचे ‘वितरण’ झाल्याची हक्कधारकांची तक्रार आहे. त्यात दिलेली वेळ आपल्या आठवणीतील वेळेशी काही तासांनी चुकते, म्हणून ईमेल बनावट असावा असे आपल्याला वाटते. आणि तो खरा असल्यास ‘मी काहीही वितरित केलेले नाही’ असे उत्तर पाठवावे का, हे आपण विचारले आहे.

मी बरीच वर्षे एका निवासी शिक्षणसंस्थेचे नेटवर्क सांभाळले. वसतिगृहांच्या जोडणीवर येणाऱ्या अशा तक्रारी माझ्याच टेबलावर येत असत, आणि त्याच काळात संस्थेचे मोठाले संशोधन-डेटासंच बाहेरच्या अभ्यासकांना देण्यासाठी टॉरेंटचा सर्व्हरही मीच चालवत होतो. त्यामुळे हे तंत्र मी दोन्ही बाजूंनी पाहिलेले आहे. मी वकील मात्र नाही. कायद्याबद्दल पुढे जे लिहिले आहे ते एका तंत्रज्ञाने कामापुरते समजून घेतलेले आहे, आणि आपण कोणत्या देशात राहता यावर त्यातील बरेच काही अवलंबून आहे.

थोडक्यात उत्तर असे की ते वाक्य लिहून पाठवू नये. आपण खोटे बोलत आहात असे मला म्हणायचे नाही. आपल्याला ते मनापासून खरे वाटते, पण आपल्या संगणकाने त्या चाळीस मिनिटांत काय केले हे आपण पाहिलेले नाही, आणि घोडे इथेच पेंड खाते.

वेबसाइटवरून फाइल घेताना एका टोकाला सर्व्हर असतो व दुसऱ्या टोकाला आपण, आणि माल एकाच दिशेने येतो. ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट आणले ते नेमकी हीच एकेरी वाट मोडण्यासाठी. लोकप्रिय फाइलवर हजारो माणसे एकदम आली की सर्व्हर गुदमरतो. मग घेणाऱ्यांनाच आपसांत वाटायला लावले तर घेणारे वाढतील तसा पुरवठाही वाढेल, असा त्यामागचा विचार होता. यासाठी फाइलचे तुकडे केले जातात. समजा फाइल १४०० मेगाबाइटची आहे आणि तुकडा २ मेगाबाइटचा, तर ७०० तुकडे झाले. प्रत्येक तुकड्याची हॅश, म्हणजे त्याचा गणिती ठसा, टॉरेंटच्या माहितीत आधीच नोंदलेला असतो. आपल्या क्लायंटने पहिला तुकडा पूर्ण केला, त्याचा ठसा तपासला आणि तो जुळला की तत्क्षणी तो जोडलेल्या सर्व पीअरना, म्हणजे तीच फाइल घेणाऱ्या-देणाऱ्या इतर संगणकांना, ‘अमुक क्रमांकाचा तुकडा माझ्याकडे आहे’ असा संदेश पाठवतो. त्या क्षणापासून आपण त्या तुकड्याचे पुरवठादार झालेले असता, मग उरलेले ६९९ तुकडे अजून यायचे का असेनात. शिवाय दुर्मीळ तुकडा आधी मागायचा, असा क्लायंटचा नियम असतो, त्यामुळे नवख्या माणसाकडेही इतरांना हवे असलेले काहीतरी फार लवकर जमा होते.

तुकडे कोणाला द्यायचे हेही क्लायंटच ठरवतो. मूळ रचनेत दर १० सेकंदांनी हिशेब होतो: मला चांगल्या वेगाने देणारे कोण, त्यांना मीही देतो, बाकीच्यांसाठी हात आखडता ठेवतो. त्याखेरीज दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळखी पीअरला पूर्वीचा व्यवहार न पाहता संधी दिली जाते, कारण नवा माणूस कुठूनतरी सुरुवात करू शकला पाहिजे. सारांश, देणे हा या यंत्रणेत घेण्यानंतरचा ऐच्छिक उपकार नाही. देणे आणि घेणे एकाच वेळी, एकाच जोडणीवर चालू असतात. ‘सीडिंग केले नाही’ याचा अर्थ एवढाच होतो की फाइल पूर्ण झाल्यावर आपण ती इतरांना देत राहिलो नाही. पूर्ण होण्याआधीच्या चाळीस मिनिटांबद्दल ते वाक्य काहीच सांगत नाही.

आता त्या शून्याबद्दल. हा भाग आपल्याला बहुधा आवडणार नाही. क्यूबिटटॉरेंट आणि म्यूटॉरेंट यांसारख्या प्रचलित क्लायंटमध्ये वेगाच्या मर्यादेच्या चौकटीत ० भरले की त्याचा अर्थ ‘अजिबात नको’ असा होत नाही, ‘मर्यादाच नको’ असा होतो. म्हणजे दरवाजाला कुलूप लावले या समजुतीत आपण तो सताड उघडा ठेवला असण्याची दाट शक्यता आहे. क्लायंट अजून संगणकावर असेल तर त्यातील आकडेवारीची खिडकी उघडून आजवर किती अपलोड झाले तो आकडा पाहा. माझ्यासमोर बसून ‘मी तर शून्यच ठेवले होते’ असे सांगणाऱ्या विद्यार्थ्यांना मी वाद न घालता हीच खिडकी उघडायला सांगत असे, आणि मग खोलीत थोडा वेळ शांतता असे.

मर्यादा खरोखरच लागू झाली होती असे धरले, तरी आपण अदृश्य होत नाही. क्लायंटला इतर पीअर सापडायचे तर त्याला स्वतःचा पत्ता जाहीर करावाच लागतो. ट्रॅकर, म्हणजे कोण कोण सामील आहे याची यादी ठेवणारा सर्व्हर, असेल तर क्लायंट त्याला आपला पोर्ट (जोडणीवरील दाराचा क्रमांक) आणि किती घेतले, किती दिले, किती उरले हे तीन आकडे कळवतो. आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेटवरील आपल्या जोडणीचा क्रमांक, तर जोडणीतूनच कळतो. ट्रॅकर नसेल आणि आपण मॅग्नेट लिंक (टॉरेंटची नुसती ओळख देणारा दुवा) वापरली असेल, तर तेच काम डीएचटी नावाची विखुरलेली नोंदवही करते, जिची पाने जगभरच्या क्लायंटमध्ये वाटलेली असतात आणि जी कोणालाही चाळता येते. हक्कधारकांनी नेमलेल्या कंपन्या करतात ते एवढेच: त्या इतर कोणाहीसारख्या थव्यात, म्हणजे ती फाइल वाटणाऱ्या पीअरच्या गटात, सामील होतात, यादी घेतात, आपल्या क्लायंटशी हस्तांदोलन करतात, आपल्याकडे कोणते तुकडे आहेत ते विचारतात आणि काळजीपूर्वक काम करणारी कंपनी असेल तर एखादा तुकडा प्रत्यक्ष मागून घेते. इथे हेरगिरी नाही, कोणाचा संगणक फोडलेला नाही. आपल्याच क्लायंटमध्ये ‘पीअर’ या टॅबखाली समोरच्यांचे आयपी पत्ते, त्यांच्या क्लायंटची नावे आणि कोणाची किती टक्के फाइल झाली हे सारे दिसते. त्यांतल्या एका ओळीमागे कदाचित अशीच एक कंपनी बसलेली होती. खासगी विंडोचा उपयोग इतकाच की आपण कोणती साइट पाहिली याची नोंद आपल्या ब्राउझरच्या इतिहासात राहत नाही. क्लायंट हा वेगळा प्रोग्राम आहे, त्याला त्या विंडोशी काही देणेघेणे नाही.

(अनेकजण अशा वेळी व्हीपीएन, म्हणजे आपली जोडणी दुसऱ्याच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा, सुचवतात. त्याने पत्ता बदलतो, विश्वास कोणावर ठेवायचा ते बदलते. त्या फाइलचा हक्क कोणाचा आहे हे बदलत नाही. लपण्याच्या युक्त्यांमध्ये मी या उत्तरात शिरणार नाही.)

वेळेच्या फरकाबद्दल मी थोडे सविस्तर लिहितो, कारण याच जागी मी स्वतः एकदा सपशेल चुकलो आहे. अशा तक्रारीत सहसा आयपी पत्ता, पोर्ट, तारीख, वेळ, फाइलचे नाव आणि इन्फो-हॅश म्हणजे त्या टॉरेंटची ४० अक्षरांची ओळख एवढे असते. त्यातील वेळ बहुतेकदा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. कधी वेळेपुढे ‘यूटीसी’ लिहिलेले असते, कधी नुसते झेड हे रोमन अक्षर असते, आणि मधला माणूस मजकूर पुढे पाठवताना ते अक्षर गाळतो तेव्हा घोटाळा होतो. आमच्या संस्थेत शेकडो खोल्या मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे होत्या, त्यामुळे कोणत्या क्षणी कोणता पोर्ट कोणत्या खोलीला दिला होता हे नोंदींतून शोधावे लागे. आणि आमच्या नोंदी स्थानिक वेळेत होत्या. सुरुवातीच्या काळात एका तक्रारीतील यूटीसी वेळ मी स्थानिक समजून जुळवली आणि भलत्याच मुलाला बोलावून घेतले. तो बिचारा गोंधळून ऐकत राहिला आणि अखेर म्हणाला, “सर, माझा लॅपटॉप त्या आठवड्यात दुरुस्तीला होता.” त्याने पावती आणून दाखवली, तेव्हा मी नोंदी पुन्हा काढल्या, वेळ योग्य रीतीने बदलली आणि पोर्ट दुसऱ्याच मजल्यावरच्या खोलीचा निघाला. त्या मुलाची मी माफी मागितली, आणि तेव्हापासून कोणाचेही नाव घेण्याआधी वेळ दोनदा तपासू लागलो. तर आपणही आधी यूटीसी आणि आपली स्थानिक वेळ यांतला फरक काढून पाहा. चुकलेले तास बरोबर तेवढेच भरले, तर तो ईमेल बनावट असल्याचा आपला मुख्य पुरावा तिथेच संपतो.

तो फरक तेवढा नसेल, तर मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि हे मान्य केले पाहिजे की अशा तक्रारी चुकीच्याही असतात. २००८ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी मुद्दाम प्रयोग करून दाखवले की काही देखरेख कंपन्या प्रत्यक्ष देवाणघेवाण न तपासता नुसत्या ट्रॅकरच्या यादीवरून तक्रार पाठवत होत्या. त्यांनी यादीत आपल्या नेटवर्कमधील प्रिंटरचे पत्ते शिरतील अशी व्यवस्था केली, आणि चित्रपटाच्या बेकायदा वितरणाची तक्रार त्या प्रिंटरविरुद्ध दाखल झाली. आयपी पत्ता एखाद्या जोडणीकडे बोट दाखवतो, माणसाकडे नाही. घरात आणखी कोण ते वायफाय वापरते, पाहुण्यांना पासवर्ड दिला होता का, इंटरनेट कंपनी अनेक ग्राहकांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देते का आणि तसे असल्यास तक्रारीत पोर्ट दिलेला आहे का, हे सारे प्रश्न रास्त आहेत. फक्त आपल्या बाबतीत चित्रपट तोच आहे, तारीख तीच आहे आणि आपण तो घेतल्याचे आपणच सांगत आहात. तेव्हा प्रिंटरची गोष्ट इथे आपल्या कामी येईल असे मला वाटत नाही.

आता कायद्यापुरते. आपण ज्या वाक्याचा आधार घेऊ पाहता, त्याची युरोपात थेट परीक्षा झालेली आहे. मिरकॉम विरुद्ध टेलेनेट या प्रकरणात युरोपीय संघाच्या न्यायालयाने जून २०२१ मध्ये निर्णय दिला की पीअर-टू-पीअर नेटवर्कवर फाइलचे तुकडे इतरांना चढवणे हेही ती कलाकृती लोकांना ‘उपलब्ध करून देणे’ ठरते. सुटा तुकडा स्वतंत्रपणे पाहण्याजोगा नसला तरी त्याने फरक पडत नाही. अपलोड सॉफ्टवेअरने आपोआप केले, हा बचावही न्यायालयाने मानला नाही. अट एवढीच की ते सॉफ्टवेअर कसे चालते याची नीट माहिती मिळून वापरणाऱ्याने त्याला संमती दिलेली असावी. म्हणजे तिथे ‘मला ठाऊकच नव्हते’ या मुद्द्याला थोडी जागा उरते, ‘मी केलेच नाही’ या मुद्द्याला जवळपास नाही.

अमेरिकेत हाच प्रश्न जरा वेगळ्या वाटेने गेला. काझा या फाइल वाटण्याच्या प्रोग्रामवर २४ गाणी वाटल्याबद्दल एका महिलेविरुद्ध चाललेल्या खटल्यात २००७ मध्ये ज्यूरीने २,२२,००० डॉलरची भरपाई ठरवली. पुढच्या वर्षी न्यायाधीशांनी तो निकाल बाजूला ठेवून फेरसुनावणी दिली, कारण फाइल नुसती उपलब्ध ठेवली तरी वितरण झाले असे मानण्याची जी सूचना ज्यूरीला दिली होती ती त्यांना स्वतःलाच चुकीची वाटली. तिचा हा विजय अल्पायुषी ठरला: २००९ च्या फेरसुनावणीत नव्या ज्यूरीने रक्कम १९,२०,००० डॉलरवर नेली. पुढे आणखी एक सुनावणी आणि अपील होऊन २०१२ मध्ये प्रकरण पुन्हा मूळच्या २,२२,००० वर आले. घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. एका घरगुती वापरकर्त्याला अशी सुनावणी भोगावी लागणे हा अपवादच. मला दाखवायचे आहे ते हे, की ‘उपलब्ध ठेवणे’ आणि ‘वितरण’ यांतील रेषा न्यायाधीशांनाही सहज आखता आलेली नाही, आणि त्या रेषेवर उभे राहून ईमेलने दोन ओळींचे उत्तर पाठवणे शहाणपणाचे नाही.

समजा अपलोड खरोखरच शून्य होते. तरी नुसते डाउनलोड करणे सर्वत्र निर्दोष मानले जाते, असेही नाही. नेदरलँड्समध्ये अनधिकृत ठिकाणाहून स्वतःच्या वापरासाठी प्रत घेणे बराच काळ खपवून घेतले जात असे, पण २०१४ मध्ये त्याच युरोपीय न्यायालयाने खासगी प्रतीची सवलत अनधिकृत स्रोताला लागू होत नाही असे ठरवले आणि ती वाट बंद झाली. चित्रपट कोणत्याही सेवेवर नव्हता हे आपले म्हणणे मला पटते. मलाही कित्येक जुन्या चित्रपटांसाठी हात चोळत बसावे लागले आहे, आणि न विकताही अडवून ठेवलेल्या कलाकृती हे चाचेगिरीचे एक खरे कारण आहे. तरीपण तक्रारीच्या उत्तरात ते कारण लिहिणे म्हणजे फाइल आपणच घेतल्याची कबुली देणे होय.

म्हणून आता करायचे काय, तर प्रथम ईमेल खरा आहे का ते पाहा, पण त्यातील दुव्यावर टिचकी मारून नव्हे. इंटरनेट कंपनीच्या आपल्या खात्यात शिरून किंवा बिलावरील क्रमांकावर फोन करून विचारा. ‘चोवीस तासांत अमुक रक्कम भरा’ असे सांगून थेट पैसे भरण्याचा दुवा देणारा ईमेल दिसला की संशय दुप्पट करा, कारण खऱ्या तक्रारींची नक्कल करून पैसे उकळणारे भामटेही या व्यवसायात आहेत.

ईमेल खरा निघाला तर पुढचे सारे त्याच्या प्रकारावर अवलंबून आहे. कंपनीने केवळ पुढे पाठवलेली सूचना असेल, तर बहुतेक वेळा आपले नाव अजून तक्रारदारापर्यंत गेलेले नसते आणि आपल्याकडून उत्तराचीही अपेक्षा नसते. तिचा हेतू इशारा देण्याचा असतो. फ्रान्सने २००९ च्या हाडोपी कायद्याने अशीच टप्प्याटप्प्याची इशारापद्धत उभारली, आणि अमेरिकेतील मोठ्या इंटरनेट कंपन्यांनी २०१३ ते २०१७ या काळात हक्कधारकांशी करार करून तसाच उपक्रम चालवला. अशा सूचनेनंतर वितरण थांबवावे, ईमेल जपून ठेवावा आणि घरातल्यांशी बोलावे. तेच पत्र वकिलाकडून आले असेल, त्यात रकमेची मागणी, उत्तराची मुदत किंवा सही करण्याचा करारनामा असेल, तर मात्र ते माझ्यासारख्याला दाखवून उपयोग नाही. स्वतःच्या वकिलाला दाखवा, मुदत चुकवू नका आणि डिस्क पुसून टाकण्याच्या फंदात पडू नका, कारण कारवाईची चाहूल लागल्यावर पुरावा नष्ट करणे मूळ आरोपापेक्षा महागात पडू शकते.

आपण शेवटी विचारले आहे की क्लायंटच काढून टाकावा का. माझ्या मते ते साप म्हणून भुई धोपटणे होईल. लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीच्या अनेक आवृत्त्या आजही टॉरेंटने अधिकृतपणे वाटल्या जातात, इंटरनेट आर्काइव्ह या डिजिटल ग्रंथालयाने २०१२ पासून आपला संग्रह टॉरेंटनेही द्यायला सुरुवात केली, आणि आमच्या संस्थेचे डेटासंच दूरच्या, मंद जोडणीच्या अभ्यासकांपर्यंत अर्ध्यात न तुटता पोचले ते याच तंत्रामुळे. जोडणी तुटली तरी झालेले तुकडे वाया जात नाहीत. कायद्यानेही तंत्र आणि त्याचा वापर यांत भेद केलेला आहे. नॅप्स्टर हे गाणी वाटण्याचे सॉफ्टवेअर १९९९ मध्ये आले आणि २००१ मध्ये बंद पडले, कारण कोणते गाणे कोणाकडे आहे याची सूची ते स्वतःच्या सर्व्हरवर ठेवत होते. ग्रॉक्स्टर या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरच्या कंपनीकडे तशी सूची नव्हती, तरी २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याला जबाबदार धरले ते लोकांना उल्लंघनाला उद्युक्त केल्याबद्दल, आणि २००९ मध्ये स्वीडनच्या न्यायालयाने पायरेट बे या टॉरेंट शोधण्याच्या साइटशी संबंधित चौघांना एकेक वर्षाची कैद व तीन कोटी क्रोनरची भरपाई ठोठावली ती उल्लंघनाला साहाय्य केल्याबद्दल. क्लायंट संगणकावर असणे हा कोणताच आरोप नव्हता. उलट टॉरेंट हे नावही न घेता तेच काम करणारी काही अ‍ॅप अधिक फसवी असतात: २०१४ मध्ये गाजलेले पॉपकॉर्न टाइम वापरणाऱ्यांना आपण फक्त चित्रपट पाहत आहोत असे वाटे, आणि त्याच वेळी पडद्यामागे तुकडे इतरांना जात असत.

क्लायंट ठेवायचा असल्यास एक गोष्ट आजच करा. आमच्याकडे एकाच विद्यार्थ्याविरुद्ध दुसरी तक्रार येई, तेव्हा त्याने नवे काही घेतलेले क्वचितच असे. क्लायंट संगणकाबरोबर आपोआप सुरू होऊन महिन्यांपूर्वीचा एखादा विसरलेला टॉरेंट वाटत बसलेला असे. यादीतून एक टॉरेंट काढला म्हणजे बाकीचे थांबले असे होत नाही, आणि खिडकीच्या कोपऱ्यातील फुलीवर टिचकी मारली की पुष्कळ क्लायंट बंद न होता घड्याळाशेजारच्या चिन्हात जाऊन बसतात. संगणक सुरू होताना आपोआप चालू होण्याची खूण काढा, क्लायंट उघडून ‘पूर्ण झालेले’ हा विभाग पाहा, आणि तिथे ज्याच्यासमोर ‘सीडिंग’ लिहिलेले दिसेल असे जे काही वाटण्याचा आपल्याला हक्क नाही, ते सारे थांबवा.